पेवांच्या गावी

अमक्याचं पेव फुटलंय, असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. क्लासेसचं पेव, हॉटेलांचं पेव. पण खरंखुरं पेव, म्हणजे माल साठवायला जमिनीत खणलेलं कोठार, डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता भराभर कमी होत चालली आहेत. माझे वडील त्यांतले एक. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या दिवाळीपासून त्यांनी एकच धोशा लावला होता, "एकदा मला हरिपूरला ने. पाय चालतायत तोवर."

आमचं मूळ गाव आष्ट्याजवळ, वाळवा तालुक्यात. घरची हळद असायची. आजोबा ती बैलगाडीनं सांगलीला आणायचे आणि भाव पडलेला असला तर न विकता सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात ठेवायचे. आण्णा नऊ वर्षांचे असताना पहिल्यांदा त्या गाडीवर बसून इथं आले होते. महाशिवरात्रीला जोडून सुट्टी मिळाली आणि आम्ही बापलेक पुण्याहून निघालो.

पहिला दिवस

कोयना एक्स्प्रेसनं कराड सोडलं आणि आण्णा खिडकीकडे सरकले ते सांगली येईपर्यंत हललेच नाहीत. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. बाहेर ऊस, ऊस आणि ऊस. मधेच एका शेतातून पांढऱ्या वाफेचा लोट उठताना दिसला. आण्णांनी माझा हात दाबला. "हळद शिजतीय बघ."

डब्याच्या खिडकीतून वास येणं शक्य नव्हतं, तरी तो माझ्या नाकात भरला. लहानपणी माघ-फाल्गुनात गावी गेलं की अंगणापासून मळ्यापर्यंत तोच वास असायचा, ओल्या मातीचा, थोडा कडवट, घशात उतरणारा. अक्षयतृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते. काढून, माती झाडून, मोठ्या काहिलीत पाणी घालून शिजवायची. वरून पाला झाकायचा. शिजली का ते बघायला काडी टोचायची. अलगद आत गेली की उतरवायची. नाहीतर आतून कच्ची राहते आणि रंग एकसारखा येत नाही. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. ओली पाच किलो हळद वाळली की साधारण एक किलो उरते. आता बॉयलरच्या वाफेवर शिजते, पॉलिशही ड्रममध्ये होतं. काम हलकं झालं, हे फार बरं झालं. आमच्या घरातल्या बायकांचे हात त्या काहिलीनं किती भाजलेत, ते मी पाहिलंय.

रात्री विश्रामबागला मावसबहिणीकडे मुक्काम. तिनं कृष्णाकाठची भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी केली होती. या पाण्यावरच्या वांग्याची चव दुसऱ्या कुठल्या वांग्याला येत नाही, हे मी पुण्यात राहूनही ठामपणे सांगते.

दुसरा दिवस

सकाळी वसंतदादा मार्केट यार्डात गेलो. हळदीचे सौदे चालू होते. अडत्याच्या दुकानासमोर तोंड उघडलेल्या पोत्यांची रांग, त्याभोवती खरेदीदारांचा घोळका, मधोमध भाव पुकारणारा. एका दुकानाचा सौदा संपला की अख्खा घोळका पुढच्या दुकानाकडे सरकतो. सगळ्यांच्या चपलांवर, धोतरांवर, मोबाइलच्या काचांवरसुद्धा पिवळी धूळ.

मी एका खरेदीदाराचे हात बघत उभी राहिले. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं एक हळकुंड काढलं, दोन बोटांत धरून मोडलं. कडक आवाज झाला. मोडलेला तुकडा उन्हात धरला. आतून तांबूस पिवळा, अगदी केशरीकडे झुकणारा, कडेपासून मधापर्यंत एकच रंग. त्यानं तो तुकडा नाकाशी नेला आणि बोली वाढवली. पोत्याच्या वरच्या थरावर कुणी विश्वास ठेवत नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते इथं येऊन बघावं. इथं अर्ध्या हळकुंडावर अख्ख्या पोत्याची किंमत ठरते.

राजापुरी हळद हा सांगलीचा अभिमान, पण माल नुसता इथला नसतो. कर्नाटक, तेलंगण, मराठवाडा, सगळीकडून इथं येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही बाजारपेठ एवढी मोठी का झाली, याची कारणं बरीच सांगतात, पण आण्णांच्या मते त्यातलं एक मोठं कारण जमिनीखाली होतं. बाजारात भाव नसेल तर माल ठेवायला जागा हवी. कीड लागणार नाही, वजन घटणार नाही, रंग उडणार नाही अशी जागा. ती जागा सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर, हरिपूरला होती.

दुपारी गणपती मंदिरात गेलो. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगलीला आले. त्यांनीच हे काळ्या दगडाचं देऊळ बांधायला काढलं. बांधकाम तीसेक वर्षं चाललं होतं. याच राजाच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी नाटक उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तो त्यामुळेच. एवढं सांगते आणि पुढे जाते, कारण नाटकाचं खरं काम मला हरिपुरात होतं.

संध्याकाळी आण्णांना आयर्विन पूल बघायचा होता. १९२९ मध्ये झालेला हा पूल. सांगली बघणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. पण इथल्या माणसाला हा पूल म्हणजे पुराची मोजपट्टी. पावसाळ्यात सांगलीत कुणी नुसतं "किती झालं?" विचारलं तरी समोरचा फूट सांगतो. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं.

आण्णा कठड्याला धरून उभे राहिले. "आपली गाडी हिथनंच यायची," ते म्हणाले. "संध्याकाळी जेवून निघायचं. रातभर चालायचं. सांगलवाडीत तांबडं फुटायचं. पुलावर आलो की बाबा बैलांच्या गळ्यातल्या घुंगराला हात लावायचे आणि नदीला नमस्कार करायचे." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

तिसरा दिवस

सकाळी रिक्षानं हरिपूरला निघालो. रस्त्याला जुनी चिंचेची झाडं. काही तुटलीत, काहींच्या बुंध्यापर्यंत डांबर आलंय, पण अजून उरलेल्यांची सावली मोठी आहे. वाटेत बागेतल्या गणपतीचं दर्शन घेतलं. सांगली कुठं संपली आणि हरिपूर कुठं लागलं, ते आता घरांवरून कळत नाही. अपार्टमेंट, बंगले, दारात मोटारी, मुलांच्या शाळेच्या पिवळ्या बस. पण हरिपूर महापालिकेत नाही, इथं ग्रामपंचायत आहे. सांगलीत नोकरी करायची आणि रात्री हरिपूरच्या वाऱ्यात झोपायचं, असं म्हणणारी माणसं इथं जागा घेतात. पुण्याच्या शेजारची गावं कशी गिळली गेली ते मी पाहिलंय. हरिपूरचं तसं अजून झालेलं नाही. गावात शिरलं की रस्ता अरुंद होतो, नदीचा गारवा लागतो आणि बंगल्यांच्या मधून एकदम एखादा जुना वाडा पुढे येतो. दगडी जोतं, माणसाच्या छातीएवढं उंच. वर पांढऱ्या मातीची भिंत, नक्षीची चौकट, दिंडीदरवाजा.

या गावाची श्रीमंती जुनी. गावाचं नाव पटवर्धनांच्या मूळपुरुषावरून, हरभटांवरून पडलं असं गावकरी सांगतात. कृष्णा आणि वारणा यांचा संगम, त्यावर संगमेश्वर, त्याभोवती देवकार्य करणारी घरं. मग बागायत, मग हळद. पण हळदीनं आणलेली श्रीमंती वाड्यांवर दिसायची नाही. ती खाली असायची, परसात, रस्त्याकडेला, आपण चालतो त्या जमिनीखाली.

देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर आण्णांनी विचारलं, "पेवं कुठं बघायला मिळतील?" टपरीवाल्या पोरानं आधी आमच्याकडे नीट पाहिलं आणि मग एका म्हाताऱ्यांना हाक मारली. "तात्या, हे पावणं पेवाचं इचारत्यात."

तात्या आण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पांढरी टोपी, हातात काठी. तरुणपणी पेवात उतरायचं काम करायचे. पेवाबद्दल विचारायला आलेली माणसं बघून त्यांचा चेहराच बदलला.

"कुठलं म्हनायचं?"

"आष्ट्याकडचं. आमची हळद यायची हितं. बाबा टाकायचे."

"मग पावणं कसलं? घरचंच की!" त्यांनी आण्णांचा हात धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही.

एका घराच्या मागच्या परसात ते आम्हाला घेऊन गेले. घरमालकीणबाईंनी अंगणातली तुळस, कपड्यांची दोरी, कोंबड्यांची पाटी बाजूला करून वाट दिली. कोपऱ्यात एक दगडी चीप. दोन माणसांनी मिळून ती सरकवली. खाली एक गोल तोंड, जेमतेम एक माणूस मावेल एवढं. मी वाकून पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही, नुसता थंड, जुना श्वास चेहऱ्यावर आला. मोबाइलचा उजेड खाली सोडला, तेव्हा कळलं, तोंड जेवढं लहान तेवढं आतलं पोट मोठं. रांजण जमिनीत पुरावा तसं. भिंती तुळतुळीत, लालसर काळ्या. कुदळीचे घाव अजून मोजता येत होते. ना वीट, ना चुना, ना सिमेंट. नुसती माती, आणि ती इतकी वर्षं तशीच उभी.

"हितली मातीच तशी हाय," तात्या म्हणाले. "चिवट. खांदली की भित हुबी ऱ्हाती, ढासळत न्हाय. वीस-पंचवीस फूट खाली जावा, कोरडंच. नदी हाकेवर हाय, पर एरवी पाझर येत न्हाय. दुसऱ्या गावानं केली न्हवं पेवं, पर हितल्यासारखी टिकली न्हाईत."

खाली आणि बाजूंनी उसाचं पाचट आणि तट्ट्या लावायच्या. मग हळद ओतायची. शे-दोनशे पोती एका पेवात सहज जायची. वर पुन्हा पाचट, त्यावर झाकण, आणि झाकणाच्या कडा ओल्या मातीनं लिंपून टाकायच्या. मग दोन वर्षं, चार वर्षं, कुणी त्याकडे बघायचंसुद्धा नाही. पेवाचा धनी वेगळा, हळदीचा धनी वेगळा, मधे अडत्या. एकाची दौलत दुसऱ्याच्या परसात, तिसऱ्याच्या शब्दावर. मला या सगळ्या व्यवहारात हेच सगळ्यात मोठं वाटतं. हरिपूरनं दुसऱ्याची हळद सांभाळली, आणि त्या सांभाळण्यावर गाव मोठं झालं.

"उघडायच्या वक्ताला मात्र जिवाशी खेळ," तात्या सांगत होते. "चीप काढली की लगीच उतरायचं न्हाय. चांगलं उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा."

इथं आण्णा पुढे झाले. "मी पाहिलाय तो कंदील," ते म्हणाले.

ही गोष्ट त्यांनी मला पन्नास वर्षांत कधी सांगितली नव्हती. नऊ वर्षांचा पोरगा, बापाच्या मागं उभा. पेवाचं तोंड उघडलेलं. एकानं दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. कंदील खाली खाली गेला, लहान झाला, काजव्याएवढा झाला आणि पटकन विझला. कुणी फुंकर मारली नव्हती, वारा नव्हता. सगळे गडी गप्प झाले आणि पेवापासून लांब जाऊन बसले. "मला वाटलं, आत कुणीतरी हाय," आण्णा म्हणाले. "बाबा म्हणाले, कुणी न्हाय. हळदीनं श्वास घेतलाय सगळा."

आजोबा चौथी शिकलेले. पण त्यांच्या सांगण्यात तथ्य होतं. बंद पेवात आतल्या किड्यांचा आणि सूक्ष्म जीवांचा श्वासोच्छ्वास चालू राहतो, प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठतो. तो जड, म्हणून तळाशी बसतो. त्या हवेत कीड जगत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते. आणि त्याच हवेत माणूसही जगत नाही. कंदील तळापर्यंत पेटता राहिला तरच माणूस दोर धरून उतरायचा. घाई केलेल्यांनी जीव गमावल्याच्या आठवणी तात्यांकडे होत्या. त्या त्यांनी नावं न घेता सांगितल्या, म्हणून मीही इथं लिहीत नाही.

मग २००५ चा विषय निघाला. तो निघणारच होता. त्या वर्षीच्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. वरून आलं आणि कडेनंही आलं. पूर दाराशी आल्यावर घरातली माणसं, जनावरं, भांडी हलवता येतात. पेवातली शेकडो पोती एका रात्रीत बाहेर काढता येत नाहीत. पाणी ओसरल्यावर झाकणं उघडली तेव्हा गावभर वास सुटला होता. "वीस दीस जेवान ग्वाड लागलं न्हाय," तात्या म्हणाले. "सोनं कुजल्यागत."

आमच्या चुलत्यांची सोळा पोती त्यात होती. भाव चढेल म्हणून दोन वर्षं थांबले होते. चुलत बहिणीचं लग्न त्या हळदीवर ठरलं होतं. ते लग्न कर्ज काढून झालं, आणि काकांनी पुढच्या सालापासून हळद लावणंच सोडलं. त्या घरी मी अनेकदा गेले, पण त्यांच्या तोंडून हरिपूरचं नाव कधी ऐकलं नाही. आज त्या काळ्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा मला त्यांचं गप्प राहणं समजलं. त्यांना गावाचा राग नव्हता. ज्याच्यावर इतका विश्वास ठेवला होता, ती जमीनच फिरली होती.

त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागला. ते सुरक्षित आहे, त्यात वाद नाही. पेवं एकेक करून बुजवली गेली. काहींवर घरं उभी राहिली. तात्यांनी चालता चालता काठीनं दाखवलं : "हितं एक हुतं. हितं दोन. ह्या बंगल्याच्या हॉलखाली तीन." डांबरी रस्त्यावर काठी आपटत ते चालले होते आणि मला पायाखाली पोकळ आवाज येतोय असं वाटत होतं. उरलेल्या पेवांपैकी एखादं तरी, तट्ट्या, पाचट, दोर आणि कंदिलासकट, नीट जपून ठेवायला हवं. कुदळीचे ते घाव एकदा सिमेंटनं बुजले की ते परत कुणाला दाखवता येणार नाहीत. हरिपूरकरांना माझं हे कळकळीचं सांगणं आहे.

दुपारी घरमालकीणबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, भाकरी, खर्डा, ताक. "पेव बघाय पुण्याहनं आलाय म्हंजे काय सोपं हाय व्हय," असं म्हणत त्यांनी आण्णांना तिसरी भाकरी वाढली.

संध्याकाळी गोविंद बल्लाळ देवलांच्या हरिपूरला भेटायला निघालो. होय, देवल याच गावचे. जन्म १८५५. पुढे बेळगावला नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झाले. त्यांचं संगीत शारदा १८९९ ला रंगभूमीवर आलं. पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, आणि त्या मुलीचा जीव. हे नाटक देवलांना हरिपूरच्या पारावर सुचलं असं इथले लोक सांगतात. पारावर बसले तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. देवळं, दक्षिणा, सावकारी, वाडे. सुखवस्तू गावातच पैशानं काय काय विकत घेता येतं हे उघड दिसतं. दुसरा कुणी त्या श्रीमंतीचे गोडवे गाऊन थांबला असता. देवलांनी त्या पैशाच्या बदल्यात दिली जाणारी मुलगी पाहिली.

आण्णा पारावर माझ्याशेजारी बसले आणि एकदम म्हणाले, "आत्याला नाटक दाखवायचं राहिलं."

आत्या म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझी आत्याआजी. नऊ वर्षांची असताना तिला चाळिशी ओलांडलेल्या बिजवराला दिली. चार वर्षांनी कपाळ पांढरं करून ती माहेरी आली, ती मरेपर्यंत आमच्याच घरी राहिली. मुलीचं वय किमान चौदा असलं पाहिजे, असं सांगणारा शारदा कायदा १९२९ ला मंजूर झाला. पुष्कळांना वाटतं, त्याला देवलांच्या शारदेचं नाव दिलं. ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलंय. पण नाव जुळलं ते फार योग्य जुळलं असं मला वाटतं. कायदा झाला त्याच वर्षी आयर्विन पूल झाला. पण तोवर आत्याआजीचं लग्नही होऊन गेलं होतं आणि संसारही संपला होता.

मला ती आठवते ती काहिलीपाशी. हळद शिजवण्यात तिच्या हाताला गावात तोड नव्हती. काडी टोचायचं काम तिचंच. तिनं "उतरवा" म्हटलं की उतरवायची. तिची बोटं नखांच्या मुळापर्यंत पिवळी असायची. बारा महिने तो रंग जात नसे. आणि संक्रांतीला वाड्यात हळदीकुंकू असलं की ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिथं बसून तीळ निवडायची. तिनं शिजवलेली, वाळवलेली, पोत्यात भरलेली हळद हरिपूरच्या पेवात चार-चार वर्षं राहिली, बाजारात गेली, कुणाकुणाच्या लग्नात नवरा-नवरीच्या अंगाला लागली. तिच्या कपाळाला मात्र ती पुन्हा कुणी लावली नाही. लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं, तू का येत नाहीस बाहेर? ती म्हणाली, "माझे हात हायत की पिवळे." मी तेव्हा हसले होते. आज त्या पारावर मला हुंदका आवरेना. आण्णांनी काही विचारलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

चौथा दिवस

महाशिवरात्र. पहाटे पाचला संगमेश्वराच्या रांगेत उभे राहिलो. श्रावणी सोमवारी इथं जत्रा भरते आणि सांगलीची माणसं चालत येतात, पण आजची गर्दीही काही थोडी नव्हती. ओल्या दगडांवर अनवाणी पाय, बेलाच्या पानांचा वास, गाभाऱ्यातला घंटेचा आवाज. दर्शन नीट झालं. आण्णांनी पिंडीवर पाणी घातलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "आता नदीवर."

घाटाच्या पायऱ्या खाली खाली जातात. फेब्रुवारीत पाणी उतरलेलं, त्यामुळे खालच्या पायऱ्याही उघड्या होत्या, शेवाळानं काळ्या पडलेल्या. एका बाजूनं कृष्णा येते, महाबळेश्वरहून. दुसऱ्या बाजूनं वारणा, चांदोलीच्या रानातून. दोघींचं पाणी थोडा वेळ वेगळं दिसतं, मग एक होतं. पलीकडे कोथळी, म्हणजे शिरोळ तालुका, कोल्हापूर जिल्हा. पूर्वी नावेनं जायचे, आता पूल झालाय.

पाण्याला वास होता, हे लिहिलंच पाहिजे. सांगलीचा शेरीनाला वर कृष्णेला मिळतो आणि ते सगळं इथवर येतं. ज्या पाण्यात माणसं आज श्रद्धेनं डोकं बुडवत होती, त्याच्या कडेला जलपर्णी आणि प्लास्टिक अडकलं होतं. एवढं संपन्न शहर आणि एवढं संपन्न गाव. घरांना संगमरवर लागलाय, आणि नदीला साधं स्वच्छ पाणी मिळू नये याचं मला फार वाईट वाटलं. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या अंगावर हे टाकायचं, हे थांबलं पाहिजे. ते थांबवणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं नाही.

बहिणीनं ओटीचं साहित्य बांधून दिलं होतं. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, कुंकू. मी पायरीवर बसून कृष्णामाईची ओटी भरायला घेतली. आण्णा वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक हळकुंड काढून माझ्यापुढे धरलं. लांब, सरळ, चांगलं वाळलेलं, राजापुरी. मार्केट यार्डातून त्यांनी कधी उचललं मला कळलंसुद्धा नव्हतं.

"हे आत्याच्या नावानं," ते म्हणाले.

मी ते खणात ठेवणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "मोडून बघ आधी."

मी मोडलं. कडक आवाज झाला. मी दोन्ही तुकडे उन्हात धरले. कडेपासून मधापर्यंत एकच रंग. आण्णांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "उतरवा."

मी दगडावर पाण्याचे दोन थेंब घेऊन तुकडा उगाळला. पायरीवर पिवळा ठसा उठला. त्यात बोट बुडवून मी आधी नदीला हळद वाहिली. मग शेजारच्या बाईंनी पुढे होऊन मला हळदीकुंकू लावलं, आणि आण्णांनी आपलं कपाळ पुढे केलं. पुरुषांना ओटीची हळद कोण लावतं? मी लावली.

सांगली स्टेशनवर दुपारी परतीची गाडी आली. आण्णा पुन्हा खिडकीशी बसले. तात्यांनी दिलेल्या भडंगाच्या पुडीवर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. भिलवडी गेलं, किर्लोस्करवाडी गेलं. कुठूनतरी पांढरी वाफ उठताना दिसली की आण्णा माझा हात दाबायचे.